लाल गाडीची बॅटरी आणि वाढत्या अंगाचं माप

चिरंजीव जावईबापू यांस,

आम्हा दोघांचे आशीर्वाद. वयाने मोठा म्हणून आशीर्वाद लिहिले, बाकी मान तुमचाच. तुमची पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून दुखते असं धाकटी म्हणत होती. मी जन्मभर मशीनवर वाकून लोकांचे कपडे शिवले, त्यामुळे पाठीतलं मला थोडं कळतं. उशी कमरेला लावा, मानेला नको. तिचा खोकला गेला का? (विचारलं की ती "गेला" म्हणते आणि फोन लांब धरते, पण मला ऐकू येतं.) माझी झोप पूर्वीसारखीच, म्हणजे नाही. हिचे गुडघे आहेत तिथे आहेत. तुम्ही इथे ठेवून गेलात त्या लाल गाडीची तब्येत उत्तम आहे. हे मुद्दाम आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही घाबरणार नाही.

मागे तुम्ही फोनवर म्हणालात, "बाबा, पडून पडून बॅटरी उतरत असेल. चालू होत नसेल तर तसं सांगा, तिथल्या तिथे विकून टाकू. तुमच्या डोक्याला ताप नको." मी "बघतो, बघतो" म्हणालो आणि फोन हिच्या हातात दिला. तर ताप मला अजिबात नाही. एवढं एकच वाक्य लिहायला बसलो होतो. पण नुसतं वाक्य वाचून तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून झालं ते सगळं लिहितो. गाडी इथे उभी आहे म्हणजे तुम्ही दोघं परत येणार, अशी हिची समजूत आहे. (माझी तशी काही समजूत नाही. पण या वयात हिच्या समजुतीला धक्का लावणं बरं नव्हे.)

तुमच्या फोननंतर मी गाडीवर नीट लक्ष ठेवायला लागलो. खालच्या खोलीत, जिथे माझं कापड बेतायचं टेबल होतं, तिथेच ती आहे. टेबल भिंतीला उभं केलंय आणि वरच्या दांडीवरचे हँगर काढलेत, न जाणो एखादा पडायचा. सकाळी उठलो की चूळ भरायच्या आधी खाली जायचं, दार उघडायचं, आतले दिवे लागले की बॅटरी आहे असं समजायचं आणि दार लावायचं. दुपारी जेवण झाल्यावर पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. मधे कधी छातीत धडधडलं तर तेव्हाही. असं मी तिला इतकं जपलं, आणि तरी एका सकाळी दिवे लागले ते देवघरातल्या समईसारखे, आणि आतून एक कण्हल्यासारखा आवाज आला. मी तिथेच पायरीवर बसलो. ही वरून म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, चप्पल शोधतोय."

शेजारचा विमा एजंट तेवढ्यात खिडकीतून डोकावला. (हा माणूस कुणाचं काही बिघडलं की वास काढत येतो.) म्हणाला, "गेली का? काका, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. पांढरा हत्ती कशाला पोसताय?" तुमच्या डोक्यात विकण्याचं यानेच घातलं असावं असा मला संशय आहे. खरं असेल तर कळवू नका, मला त्याचं तोंड रोज बघायचं असतं.

मग ठरवलं, बॅटरी नवीन बसवायची. त्यासाठी जुनी बघायला हवी. गाडीत थोडी धुगधुगी होती तेवढ्यात बटण दाबून पुढचं झाकण उघडलं, आणि बघतो तर काय! आत इंजिनच नव्हतं. नुसता सतरंजीसारखा तुकडा आणि एक रिकामी जागा. खोलीला कुलूप असताना इंजिन नेलं कुणी? मी एजंटाच्या खिडकीकडे बघितलं. आता जावयाला काय तोंड दाखवू? शेवटी हिला खाली बोलावलं. ही एकेक पायरी धरत उतरली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "मागे आहे. माणसं डिकीत सामान भरतात, यांनी इंजिन भरलंय. लेकीने दाखवलं होतं की तुम्हाला, तेव्हा तुम्ही शिलाई बघत होतात सीटची." (सीटची शिलाई खरंच चांगली आहे. दुहेरी आहे, आणि कुठेही टाका सुटलेला नाही.)

बॅटरी त्या सतरंजीखाली निघाली. मी टेप घेऊन तिच्या खाचेचं माप घेतलं, लांबी, रुंदी, उंची, आणि कागदावर उतरवून बॅटरीवाल्याकडे गेलो. दुकान लहान आहे, पण माणूस आडवा आहे, त्यामुळे गिऱ्हाईक बाहेरच उभं राहतं. गाडी कोणती ते ऐकून त्याने मला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "आजोबा, ही गाडी तुम्ही उडवता?" मी सांगितलं, जावयाची आहे. मग त्याने दोन प्रकार दाखवले. एक अगदी हलकी, एका हाताने उचलावी अशी. शर्यतवाले घेतात म्हणे, गाडीचं वजन घटतं. पण ती थंडीत रुसते आणि तिला चार्जरही तिच्याच जातीचा लागतो. दुसरी जड, सगळीकडून बंद, पाणी घालायला नको, तुमच्या जुन्या बॅटरीसारखीच. "शर्यतीला जाते का गाडी?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "नाही. वाट बघते." त्याने जड बॅटरी काढून पुढे ठेवली. मी मापाचा कागद दिला आणि त्याने त्याप्रमाणे दिली.

ती बसेना. अर्धा इंच मोठी. पुन्हा मापलं, कागदाशी ताडून बघितलं, कागद बरोबर होता. मग लक्षात आलं की माप घेताना मी सवयीने वाढत्या अंगाचं घेतलं होतं. जन्मभर शाळेचे गणवेश शिवलेल्या माणसाचा हात टेपवर अर्धा इंच पुढेच जातो, आईबापांचं तेच म्हणणं असतं की पुढच्या वर्षीही व्हायला हवा. बॅटरी पुढच्या वर्षी वाढत नाही, हे हाताला कोण सांगणार? ती परत घेऊन गेलो. बॅटरीवाल्याला कारण सांगितलं तर तो इतका हसला की त्याला स्टूल शोधावं लागलं. म्हणाला, "आजोबा, कागद नको. जुनी बॅटरीच दाखवा." आणि मग स्वतःच आला. (दुकान बंद करून आला, हे एजंटाला मी दोनदा सांगितलं.)

त्याने आधी निगेटिव्हची वायर सोडली, मग पॉझिटिव्हची. बसवताना उलट क्रमाने. तारा ज्या बाजूला पोचतात त्याच बाजूला बॅटरीची टोकं हवीत, हे त्याने बघूनच आणलं होतं. बॅटरीतला वायू बाहेर जायला एक बारीक नळी असते, तीही आठवणीने जोडली. टोकांना व्हॅसलीन लावलं. आणि बटण दाबलं. जावईबापू, असा आवाज झाला की भिंतीला टेकवलेलं टेबल थरथरलं आणि कोपऱ्यातला खडूचा डबा खाली आला. ही वरून गुडघे विसरून धावत खाली आली. धाकटीच आली असं तिला वाटलं. मग दारात उभी राहून गाडीकडे बघत राहिली, आणि गाडी बंद केल्यावर वर निघून गेली. माझ्या डोळ्यांत धूर गेला होता.

बॅटरीवाल्याने विचारलं, जुनी उतरली कशी. मी जपत कसा होतो ते सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, दार उघडलं की गाडी जागी होते. तुम्ही तिला दिवसातून चारदा उठवून विचारत होतात, झोप लागली का?" म्हणजे माझ्या काळजीनेच ती गेली. हे ऐकून ही म्हणाली, "लेकीला रोज फोन करता त्याचंही तेच होणार." तिचं बोलणं मी मनावर घेतलेलं नाही, पण या आठवड्यात फोन केला नाही तो त्यामुळे.

पुढे गाडी नुसती उभीच राहणार असेल तर हळू चालणारा चार्जर कायम लावून ठेवा, नाहीतर निगेटिव्हची वायर काढून ठेवा, असं तो म्हणाला. सगळ्यात उत्तम म्हणजे कुणीतरी ती आठवड्यातून एकदा लांबवर चालवून आणावी. इथे चालवणारं कुणी नाही. चार्जर मी लावला होता, पण खोलीतला तो प्लग इस्त्रीचा आहे, आणि त्यात काही लावलेलं असलं की कापड जळेल या जुन्या भीतीने मला खोलीतून उठवत नाही. दोन दिवस मी तिथेच जेवलो. म्हणून शेवटी वायर काढली. बॅटरीला जाड कापडाचं अस्तर लावलेलं कव्हर शिवलं आहे. (अंगाबरोबर शिवलंय, वाढतं नाही.)

तर गाडी चालू होते, बॅटरी नवी आहे, आणि मला कसलाही ताप नाही. विकू नये. पाठ सांभाळा.

तुमचा,
सासरा

ता. क. वायर काढल्यावर पुढचं झाकण मी दाबून लावलं. ते विजेवर उघडतं, आणि वीज नसली तर चावीने दार उघडून आतली दोरी ओढावी लागते, हे नंतर आठवलं. चावी आत सतरंजीवर राहिली आहे. बॅटरीही आतच आहे. बॅटरीवाला गावाला गेला आहे. दुसरी चावी तुमच्याकडे आहे ना?

ता. क. २. ती टपालाने पाठवू नये, गहाळ होते. कुणाच्या हाती देऊ नये, माणसं विसरतात. तुम्ही दोघांनी स्वतः घेऊन यावं. रजा मिळेल तशी, घाई नाही, पण लवकर.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तर हिने पदराच्या गाठीतून चावी काढून पुढे ठेवली. मी झाकण लावायच्या आधीच तिने उचलली होती. चार दिवस मी त्या गाडीभोवती घिरट्या घालत होतो, ही गप्प. मी विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, "पत्र लिहून होऊ दे म्हटलं. एरवी 'या' असं लिहिलं असतंत का तुम्ही?" चावी सापडली आहे. ता. क. २ मधला मजकूर मात्र रद्द समजू नये.