जतन होण्याआधीचे नऊ सेकंद

मंगळवार, ४ फेब्रुवारी

१. मागच्या बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी बाबांनी वर्कशॉपमधल्या क्रेनच्या तपासणीची नोंद संगणकात भरली.
२. तिन्ही दिवस पडद्यावर 'नोंद जतन झाली' असं आलं.
३. काल तपासणी अधिकाऱ्यांनी त्या फाइली उघडल्या. रिकाम्या.
४. क्रेन न तपासताच पाळी संपवली असा ठपका. चौकशी होईपर्यंत बाबा घरी.
५. ते सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं आहे. जतन करण्याचा भाग मी लिहिला.

सॉफ्टवेअर आमचं, एवढं घरात माहीत आहे. तो भाग माझा, हे नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जेवताना बाबा म्हणाले, "भरलं होतं असं वाटते मले. पण आता पक्कं नाही सांगता येत."

आई म्हणाली, "परवा गॅसही सुरूच ठेवला होता तुम्ही."

"तो तं तूच ठेवला होता."

"मंग दोघंही जाऊ डॉक्टरकडे. एकाच नंबरात पाहते का इचारा."

बाबा हसले. आईने खरंच जवळच्या पद्मनाभपूर वस्तीतल्या डॉक्टरांकडे बाबांसाठी शनिवारचा नंबर लावला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ऑफिसात तपासलं. फाइल आवारापलीकडच्या सर्व्हरवर जाते. नेटवर्क संथ, म्हणून जतन करताना पडद्यावरची खिडकी नऊ सेकंद गोठायची. लोक तक्रार करत. जानेवारीत मी ते लिहिण्याचं काम पडद्यामागे ढकललं – फाइल तिथे लिहिली जाते, खिडकी मोकळी राहते. संदेश मात्र लिहून संपल्यावर नाही, लिहायला सुरुवात झाली की दिसतो. एक ओळ चुकीच्या जागी. २८ तारखेला नवी आवृत्ती बसवली. २९ पासून फाइली रिकाम्या.

फक्त बाबांच्या. बाकीचे लोक संगणक चालू सोडून जातात. बाबा या वर्कशॉपच्या आधी अठ्ठावीस वर्षं एका प्लांटमध्ये होते. मशीनवरून उठायच्या आधी मेन स्विच बंद, ही तिथली सवय. संगणकही त्यांच्यासाठी मशीनच. संदेश आला की भिंतीवरचा स्विच बंद.

मी तसं दहा वेळा करून पाहिलं. दहाही वेळा फाइल शून्य बाइट.

माझे वरिष्ठ अभिनव सर, त्यांना दाखवलं. "अभी किसी को मत बोलो. अगले अपडेट में डाल देंगे." मग, "तुम्हारी ही लाइन है ना?"

हो म्हटलं. ओळ दुरुस्त केली. चहा घेतला. काही वाटलं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बाबांनी कुलूप तीनदा ओढून पाहिलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

डॉक्टरांनी तारीख विचारली, महिने उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. सगळं बरोबर आलं. क्रेनचं निघालं तेव्हा बाबा म्हणाले, "नसन भरलं, साहेब. मशीन कायले खोटं बोलन?"

मी शेजारच्या खुर्चीवर होते.

रविवार, ९ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. कागदावर चौकोन आणि बाण काढून.

"म्हणजे मी भरलं होतं?"

"हो."

"तिन्ही दिवस?"

"तिन्ही."

त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

"कोणाले सांगू नको. मी बासष्ट वर्षांचा. म्हातारा विसरला म्हणतीन अन् सोडून देतीन. तुह्या नोकरीची तं आता सुरुवात आहे."

"चौकशीत काय सांगाल?"

"विसरलो म्हणन."

आणि पेपर उघडला.

सोमवार, १० फेब्रुवारी

वर्कशॉपच्या व्यवस्थापकांना मेल गेली. प्रत अभिनव सरांना. बाबांना विचारलं नाही. शेवट असा:

"श्री. हेमराज कापगते यांनी तिन्ही नोंदी भरल्या होत्या. फाइली रिकाम्या राहिल्या त्या मी लिहिलेल्या कोडमुळे. चाचण्यांचे निकाल जोडले आहेत. मी त्यांची मुलगी आहे, म्हणून माझ्या शब्दावर विसंबू नये; चाचणी आपल्यासमोर करून दाखवीन. सोमवार, १७ फेब्रुवारीपर्यंत लेखी उत्तर द्यावे.
– दिपाली कापगते"