रार म्हणजे गोड

एल्व्हमू,
४ मार्च १९९४

चि. इंगुन हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

तर त्या सकाळीही मी रोजच्यासारखे कोंबड्यांना दाणे टाकले, चुलीत बर्चची लाकडं सारली आणि दुधाची किटली विहिरीच्या गार पाण्यात सोडली. आईने वेणी इतकी ओढून घातली की माझ्या भुवया वर चढल्या. मग स्वीडनहून आणलेले चामड्याचे बूट घालून मी शाळेला निघाले. सन पंचेचाळीस, सप्टेंबर महिना, मी दहा वर्षांची. ती गोष्ट नीट लिहून पाठव असं तू फोनवर म्हणालीस, म्हणून मधूनच सुरुवात केली. आधीचं तुला पाठच आहे. बाबा लोकांना सरहद्दीपार पोचवायचे, म्हणून जर्मनांनी त्यांना धरून नेलं. आई मला घेऊन जंगलातून पलीकडे स्वीडनला गेली, तिकडे कारखान्यात राबली आणि मी दोन वर्षं हेडविग मावशीच्या शेतावर वाढले. बाबा परत आले नाहीत.

हेडविग मावशी मला उठता-बसता रार म्हणायची. स्वीडिश माणूस रार म्हणतो ते गोड, लाघवी पोरीला. हाच शब्द आपल्या नॉर्वेत चक्रम माणसाला लावतात, पण मी तो अर्थ पार विसरून आले होते. वर्गात माझा हेल ऐकून पोरं खिदळली. गुन्वोर नावाची एक थोराड मुलगी होती. तिने जाहीर केलं की स्वीडनची लोण्याची बरणी आली आहे आणि ती भलतीच रार आहे. लोण्याचं मला फारसं कळलं नाही, पण रार म्हटल्याबद्दल मी तिचे आभार मानले. पुढे रोज कुणी ना कुणी म्हणायचं आणि मी रोज मान लववून आभार मानायची. शाळेत सगळ्यांना मी फार आवडते, असं मी घरी सांगितलं. आईने माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

तुझ्या आजोबांनी ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगितली आणि प्रत्येक वेळी तितकेच हसले. त्यांना जाऊन तीन वर्षं होत आली. मी अजून दोन कपांची कॉफी टाकते आणि दुसरा कप संध्याकाळी गारच पिते.

आता तुझ्या कादंबरीबद्दल. बाड दोनदा वाचलं. माझी शाळा सात वर्षांची, पुढचं सगळं गावात येणाऱ्या ग्रंथालयाच्या बसमधलं, तेव्हा बोलते ते वाचक म्हणून. युद्धाच्या पुस्तकांत पोरं एक तर मरतात, नाहीतर पूल उडवतात. छळलेली पोरं एक तर मोडतात, नाहीतर शेवटी असं काही भाषण ठोकतात की अख्खा वर्ग मुळुमुळु रडतो. तुझी रुना यातलं काहीच करत नाही. पोरं छळतात तशी ती बोलायची थांबते आणि शेवटच्या पानावरही गप्पच असते. तिने शेवटी बोलावं असं संपादकबाईंचं म्हणणं आहे, आणि ईस्टरच्या आत त्यांना तुझं उत्तर हवंय. मला विचारशील तर बाईंचं बरोबर आहे. रुनाला मान वर करून आभार मानू दे. आपल्या घरची पोर आहे ती.

लोभ आहेच. कमी केलास तर ओस्लोला येऊन वसूल करीन.

तुझी,
तोरबोर्ग आजी

•

ओस्लो,
११ मार्च १९९४

ती. आजीस इंगुनचा सा. न.

पत्र आणि बाड दोन्ही पोचलं. बाडात तू पेन्सिलीने जिथे जिथे ‘उगाच’ असं लिहिलं आहेस, ते सगळं मी मुकाट्याने काढून टाकलं. संपादकबाई म्हणाल्या की तुझ्या आजीला आमच्याकडे नोकरीला पाठव. मी सांगितलं की ती येईल, पण तुम्हाला काढून टाकील.

शेवटच्या पानाचं मात्र मुकाट्याने ऐकता येत नाही. रुना गप्प का, ते तुला सांगायला हवं. तिला मी युद्धाच्या काळात नेऊन बसवलं, कारण तिथे ती मला थोडी लांब दिसते. सातवीत असताना मी स्वतः सबंध वर्ष शाळेत बोलले नव्हते. मुली माझ्या चालण्याची नक्कल करायच्या. एकीने मला बदक ठरवलं आणि मग मी बाकावरून उठले की सगळा वर्ग बदकासारखा ओरडायचा. डब्यातला पाव आणि ब्राउन चीज मी संडासात बसून खायची. आईला वाटायचं, वयात येतेय, म्हणून घुमी झाली. तुला तर कुणी काही कळूच दिलं नाही.

आता सांगते त्याचा राग मानू नकोस. त्या वर्षी मला सगळ्यात जास्त टोचली ती तुझी गोष्ट. आमच्या घरात आजी म्हणजे चिडवणाऱ्यांचे आभार मानणारी बाई. तसं करायचं मी आरशासमोर ठरवून जायची आणि फाटकातच माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मला वाटायचं, ही हिंमत घराण्यात आहे, फक्त माझ्या वाट्याला आली नाही. म्हणून रुनाला मी आभार मानायला लावू शकत नाही. पण ती गप्प राहिली तर पुस्तक पडेल अशी भीतीही वाटते. बाईंना काय कळवू ते ठरत नाही. लेखणी हातात घेते आणि खाली ठेवते.

एक विचारू? तुला खरा अर्थ कळला तो दिवस कसा होता? आजोबा नेहमी आभारांपाशी हसायचे आणि लगेच सगळ्यांना केककडे पिटाळायचे. पुढचं मी कधी ऐकलंच नाही.

गुडघ्याला जप. ग्रंथालयाच्या बसच्या पायऱ्या निसरड्या असतील, तिथल्या बाईंचा हात धरून चढ. रागावली असलीस तरी माया तशीच राहू दे.

तुझी,
इंगुन

•

एल्व्हमू,
१७ मार्च १९९४

चि. इंगुन हिला पुष्कळ आशीर्वाद आणि एक घट्ट मिठी.

पत्र वाचून मी गोठ्यात जाऊन बसले. गाई विकून किती वर्षं झाली, पण बसायची जागा तीच. माझी नात संडासात डबा खात होती आणि मी तिला हसरी गोष्ट सांगत होते, हे पचायला जरा वेळ लागला. त्या बदकवाल्या पोरी आता कुठे राहतात ते सांगू नकोस. माझा गुडघा दुखतो, पण हात चांगले आहेत.

तो दिवस सांगते. ऑक्टोबर होता. नेस मास्तरांनी मला सगळ्यांसमोर विचारलं की आता गावात रुळलीस ना. मी उभी राहून ऐटीत सांगितलं की हो, इथे सगळेच मला रार म्हणतात. वर्गात हशा पिकला. मास्तरही हसले. माणूस वाईट नव्हता, हसू आलं ते आलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि रारचा इकडचा अर्थ समजावून सांगितला.

त्या क्षणापासून मी शाळेत तोंड उघडलं नाही. आभार नाहीत, उत्तर नाही, कवितासुद्धा नाही. सगळा हिवाळा तसाच गेला. तुझे आजोबा माझ्या मागच्या बाकावर बसायचे, त्यांना सगळं ठाऊक होतं. म्हणून तर ते गोष्ट आभारांपाशी थांबवून लोकांना केककडे वळवायचे. मला वाटायचं, त्यांना केक आवडतो. तुझं पत्र वाचून आज कळलं, आणि आता सांगायला ते नाहीत.

गुन्वोरचंही सांगायला हवं. तिचे बूट कागदाचे होते. लढाईत इथे कागदाचे नाहीतर माशाच्या कातड्याचेच मिळायचे. पावसात त्यांचा लगदा व्हायचा आणि ती तशीच चालत यायची. तिच्या थोरल्या भावाला जर्मनांनी गोळी घातली होती. सगळं गाव सलगम खाऊन जगत होतं, आणि मी गुबगुबीत गाल आणि चामड्याचे बूट घेऊन आले. मी तिला माफबिफ केलेलं नाही. पण तिचे बूट मी पाहिले होते.

तू लेचीपेची आहेस असं पुन्हा लिहू नकोस. बाड तुझ्याकडे आहे, पण रुना मी परवा मनातल्या मनात तिसऱ्यांदा वाचली. ती खिडकीच्या काचेवरचा बर्फ नखाने खरवडते आणि आपलं नाव मनात उच्चारून पाहते, ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तू कुठून आणलंस? मला इतका अभिमान वाटला की बस आली तेव्हा आतल्या बाईंना न विचारताच सांगून टाकलं की माझ्या नातीने पुस्तक लिहिलंय. त्यांनी विचारलं कशावर. मी सांगितलं, गप्प राहण्यावर. त्या म्हणाल्या की मग तुमच्यावर नक्कीच नसेल.

मागच्या पत्रातला सल्ला मी मागे घेते. संपादकबाईंना उद्याच कळव की रुना बोलणार नाही. पुस्तक पडलं तर पडू दे. संडासात डबा घेऊन बसलेल्या एखाद्या पोरीला ते सापडलं, तर तिला तरी वाटणार नाही की हिंमत आपल्याच वाट्याला आली नाही.

लोभ होता त्याहून वाढलाय, तू तुझा सांभाळ.

तुझी,
तोरबोर्ग आजी

ता. क. मी पुन्हा कधी बोलले ते राहिलंच. तू विचारशील म्हणून लिहिते, पुस्तकात घालायला नव्हे. शेहेचाळीस सालच्या सोळा मेला मास्तरांनी विचारलं की उद्या राष्ट्रीय सणाला चर्चजवळच्या स्मारकाच्या दगडापाशी गावातल्या युद्धात मेलेल्यांची नावं कोण वाचेल. एकही हात वर झाला नाही. गुन्वोर बाकाकडे बघत राहिली. मीसुद्धा. मास्तर म्हणाले की ठीक आहे, मीच वाचतो. दुसऱ्या दिवशी मी दगडापाशी गेले, मास्तरांच्या हातातून कागद घेतला आणि सगळी नावं वाचली, गुन्वोरच्या भावाचं आणि बाबांचंही, माझ्या स्वीडिश हेलात.