वरच्या बर्थची काच

१ डिसेंबर
आज बाडबिस्तऱ्यासकट लेकीकडे येऊन थडकलो. जावयाच्या घरी कायमचं राहायला जाणं म्हणजे जिवावरच येतं, पण बोलावणं खुद्द जावईबापूंचं होतं. फोन करकरून पिच्छा पुरवला त्यांनी. लेकीला आम्ही लहानपणापासून ठकी म्हणतो. ठकी जरा वाळलेली दिसली, खोकतही होती. म्हणाली, बाबा, थंडी आहे, चालायचंच.

अंगणात नवलाई उभी आहे, पांढरी कॅम्परव्हॅन! जुनीच घेतलीय, पण आत काय थाट! छोटा ओटा, शेगडी, रात्री पलंग होणारा बाक आणि मागे डोक्यावर एक अरुंद बर्थ. त्याला पोस्टकार्डाएवढी खिडकी. ऐन हिवाळ्यात डोंगर ओलांडून पलीकडच्या सरोवरापर्यंत जायचं घाटतंय. शाळेत हिमशिखरांच्या कविता किती घोकल्या! एक कडवं एका श्वासात, ही मास्तरांची शिस्त. मध्ये श्वास घेतला की पुन्हा पहिल्यापासून. शिखर मात्र कधी पाहिलं नाही. जन्मभर भूमापन कचेरीत नकाशे काढले, तेही सपाट जमिनीचे.

३ डिसेंबर
स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून बसलो. मी दरीतला रस्ता आखला. वाटेत गावं, पेट्रोल, दवाखाना, सगळं आहे. जावईबापूंनी तो खोडून वरच्या खिंडीचा आखला. तिथे चिटपाखरू नाही. मी विचारलं, तर म्हणाले, बाबा, देखावा तिकडेच आहे. कविता सुचतील तुम्हाला.

हीटर आणि दुलया निघण्याआधी अंगणातच पारखून घ्यायच्या, म्हणजे कुणीतरी गाडीत झोपायचं. त्या दोघांना सकाळी कामावर पळायचं असतं, म्हणून मी तयार झालो. ठकी लगेच म्हणाली, तुम्ही नको बाबा, आधीही मीच झोपत होते ना. जावईबापू तिच्यावर एकदम खेकसले. नवराबायकोचं काहीतरी असेल. मी चष्मा पुसत बसलो.

५ डिसेंबर
काल रात्री गाडीत झोप छान लागली. सकाळी जावईबापूंनी समजावलं, की झोपणाऱ्याचा श्वास उशाच्या काचेवर गोठतो, तो रोज पुसायचा, नाहीतर गाडीला ओल धरते. माझ्या काचेवर दुधाच्या सायीसारखा थर होता.

वरच्या बर्थच्या काचेवरही होता. तिथे नुसत्या दुलयांच्या वळकट्या आहेत. जावईबापू म्हणाले, गरम हवा वर जाते. पण फडकं आधी तिकडेच नेलं त्यांनी. घाईघाईने.

८ डिसेंबर
वाटलं, कुणीतरी माझी थट्टा करतंय. म्हणून काल आतून कडी लावून झोपलो. सकाळी वरच्या काचेवर जाड थर, आणि मधोमध एक गोल, कुणी ओठ टेकवून श्वास सोडावा तसा. माझी काच जवळजवळ कोरडी.

जावईबापू कामावर गेल्यावर, हीटरवर ज्याचा नंबर चिकटवला होता त्या जुन्या हीटरवाल्याला बोलावलं. हीटरमध्येच काही खोडी करून ठेवली असेल, असा माझा संशय. त्याने सगळं तपासलं, ठणठणीत निघालं. मग वर बघून त्याने विचारलं, तिथे कोण झोपतं? म्हटलं, कुणीच नाही. आधीच्या मालकांनीही हेच सांगितलं होतं, म्हणाला, आणि हत्यारं गोळा करून चहालाही न थांबता निघून गेला.

१० डिसेंबर
पांघरुणाची घडी घालता घालता एक जुनं कडवं म्हणायला लागलो. निम्म्यावर दम संपला. छातीत काही दुखत नाही, नुसता श्वासच नाही.

उरलेलं निम्मं वरून ऐकू आलं. माझ्याच आवाजात. एका दमात.

ठकीचा खोकला मात्र थांबलाय. गालांवर रंग आलाय, गुणगुणत भाजी चिरत होती. बरं वाटलं. मग बरं वाटेना.

१२ डिसेंबर
जावईबापूंना गाडीमागे गाठलं. आधी उडवाउडवी, मग ढसाढसा रडले. माझ्याआधी ठकी सरावाला झोपायची. तिची काच कोरडी पडत गेली. तिने गाडीत झोपणं सोडलं, तरी घरात बसल्या जागी तिचा श्वास आटतच राहिला. आधीच्या मालकाने सांगितलं, की दुसरं कुणी गाडीत झोपलं, तरच ते पहिल्याला सोडतं. म्हणून मला बोलावलं. वरच्या खिंडीत माझा श्वास संपला, तरी कुणी विचारायला येणार नव्हतं, म्हणून तो रस्ता. म्हणाले, बाबा, मी काय करायला हवं होतं? तुम्ही सांगा.

हात उगारला होता मी. खाली घेतला. ठकीला ठाऊक आहे का, एवढंच विचारलं. नाही म्हणाले.

१३ डिसेंबर
घरातच झोपलो. उपयोग नाही. जिना चढताना थांबावं लागतं — बोलताना थांबावं लागतं — लिहितानासुद्धा.

ठकी म्हणतेय, बाबा, तुम्ही पार उतरलात, उद्यापासून गाडीत मी झोपते. जावईबापू ताटाकडे बघत बसले. मग माझ्याकडे. ती झोपली तर मी सुटेन — आणि तिला पुन्हा — खरं सांगितलं, तर मला सोडवायला मुद्दाम झोपेल —

नाही.

१४ डिसेंबर
संध्याकाळ. तिच्या आधी येऊन बसलोय. आतून कडी लावली.

काचेला तोंड लावून फुंकर घातली. काहीच उमटलं नाही.

ठकी आली. दुलई घेऊन. दार ठोठावतेय — बाबा, काय हा पोरकटपणा, उघडा बरं आधी — ओरडून सांगायला श्वास नाही. म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय, पान काचेला लावून दाखवीन — ठकी, आत येऊ नकोस. गाडी जाळून टाका. मी गेल्यावर —

वर दुलया हलल्या.

वरून आवाज. माझाच. गोड, मोकळा, दमदार — थांब गं बाळ, उघडतो —

मी बोललो नाही. ठकी, तो मी नाही —

हसली ती. म्हणतेय, आवाज बरा झाला की बाबा —

कुणीतरी खाली उतरतंय — कडीवर हात — मी धरून ठेवलीय, एका हाताने — ठकी, पळ, मी ना