गुरुवारची वीज

अप्पा,

ऑफिसात माझ्या खुर्चीमागे तुमचा फोटो असायचा, तिथे सध्या नुसता खिळा आहे. फोटो काच बदलायला दिलाय. खिळ्याखालचा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसतो, त्यामुळे आत येणारा माणूस आधी तिकडे बघतो आणि मग माझ्याकडे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की फोटो कुणाचा होता हे आता निम्म्या लोकांना सांगावं लागतं. माझे वडील, मी सांगते, वीज बोर्डात होते, भोसरीला सबस्टेशनवर ऑपरेटर. ते मान हलवतात आणि मी विषय बदलते. पुढे सांगायचं तर हे सांगावं लागेल की चाकणचा आपला कारखाना आता बोर्डाची वीज घेत नाही.

तुमच्या काळात असं काही नव्हतं, म्हणून नीट सांगते. तेव्हा वीज म्हणजे बोर्ड. आता आमच्यासारख्या मोठ्या गिऱ्हाइकांना मुभा आहे, पटेल त्या कंपनीकडून वीज विकत घ्या. दूर कुठल्या माळावर एखाद्या खाजगी कंपनीची सोलर पॅनेलं असतात, पवनचक्क्या असतात. तिच्याशी करार करायचा, आणि ती वीज बोर्डाच्याच तारांवरून, त्या तारांचं भाडं भरून, आपल्या भट्टीपर्यंत येते. खांब तेच, तार तीच, मीटरच्या खोलीचं कुलूपसुद्धा तेच. फक्त विकणारा दुसरा. तुम्ही हे ऐकून चष्मा कपाळावर सरकवला असता आणि आईला हाक मारून म्हणाला असता, अगं, हिला विचार, तारेतली कुठली वीज कुणाची हे ओळखायचं कसं.

मला आपल्या भोसरीच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं. खिडकीबाहेर सबस्टेशनचं जाळीचं कुंपण, आणि दिवसरात्र ट्रान्सफॉर्मरचा तो घुमणारा आवाज. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला डोळे मिटून शांततेत प्रार्थना करायला सांगायच्या, तेव्हा मला ती शांतता खोटी वाटायची, कारण माझ्या घरच्या शांततेला आवाज होता. आपल्या घराला सुट्टीचे दोन वार होते. माझी शाळा रविवारी बंद, कारण त्या दिवशी सिस्टर चर्चला जात. आणि साऱ्या पिंपरी-चिंचवडची सुट्टी गुरुवारी, कारण सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहिले तर बाकीच्या दिवशी विजेवरचा ताण सोसत नाही, म्हणून प्रत्येक भागाला वेगळा वार दिलेला, आणि आपल्या वाट्याला गुरुवार आला. इथले साखरपुडे, मुलगी बघणं, पाहुणे, सगळं गुरुवारी. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, इथल्याला कधीच नाही. तुम्ही मात्र गुरुवारी घरी नसायचा. कारखाने बंद, म्हणजे तारांची दुरुस्ती करायचा तोच दिवस. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून नेता आणि लाइन बंद करण्याआधी रस्त्यावरच्या एकेका भट्टीवाल्याच्या दारात थांबता. फोन करून चाललं असतं. पण तुम्ही आत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघता की भट्टीत माल नाही ना. माल अर्धा तापलेला असताना वीज गेली की सगळा भंगारात, आणि त्या माणसाचा आठवडा वाया, असं तुम्ही मला सांगता. मी पहिली भट्टी पाहिली ती तुमच्या सायकलवरून. तिच्या फटीतून दिसणारा तो केशरी उजेड पाहून मला वाटलं होतं की आत कुणीतरी राहतं.

तुम्ही मला रागावलात असं एकदाच झालं. वीजकपात सुरू होती आणि माझी परीक्षा. रोज संध्याकाळी आपल्या क्वार्टरचीही वीज जायची, आणि ती बंद करणारे तुम्हीच असायचात. मी कंदिलाच्या उजेडात भूगोल वाचत होते आणि आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले की बाकी मुलींचे वडील काय काय करतात, आपल्याकडे तर बटणच वडिलांच्या हातात आहे. तुम्ही जेवत होता. भाताचा घास तसाच ताटात ठेवलात आणि म्हणालात, "सबस्टेशनच्या शेजारी राहतो म्हणून आपला अंधार वेगळा असतो का?" एवढंच. आईनं आमटी वाढली. मला तेव्हा रडू आलं होतं. आज त्या वाक्याचं काय करायचं ते कळत नाही.

लग्नानंतर आम्ही दोघांनी चाकणला शेड घेतली, लोखंडाचे सुटे भाग तापवून कडक करायची, म्हणजे हीट ट्रीटमेंटची, स्वतःची भट्टी टाकली, तेव्हा तुम्ही रिटायर झाला होता. पूजेला लोक मिठाई, घड्याळं, गणपतीच्या मूर्ती घेऊन आले. तुम्ही मोशीहून बसनं आलात, खांद्यावर एक काळी गुंडाळी घेऊन. पॅनेलसमोर जमिनीवर टाकायची रबरी मॅट. बटणाला हात लावणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून. ह्यांना हसू आवरेना, पण तुम्ही चपला काढून, खाली बसून ती मॅट सरळ करत होता, कडा हातानं दाबत होता, जणू पाहुण्यांसाठी सतरंजी अंथरताय. ती अजून तिथेच आहे. मधोमध झिजून गुळगुळीत झालीये. तिच्यावर उभं राहिल्याशिवाय आमच्याकडे पॅनेलला कुणी हात लावत नाही. त्यात आमचा फोरमनही आला. तो लातूरकडचा आहे, तुम्ही त्याला हेल्पर असताना पाहिलंय. तेव्हा तो मॅटवर पाय ठेवताना बिस्मिल्ला म्हणायचा आणि तुम्हाला ते फार आवडायचं.

हे गेल्यावर कारखाना मी आणि माझी लेक बघतो. खरं तर तीच बघते. आमच्या धंद्यात वीज हाच मुख्य खर्च. शेजारच्या भट्टीवाल्यानं आधीच बाहेरची वीज घेतली आणि दर उतरवला. ज्या कंपनीचे गिअर आम्ही इतकी वर्षं करतो, त्यांच्या माणसानं चहा पिता पिता, अगदी गोड आवाजात, सांगितलं की मॅडम, तुम्हीही उतरवा, नाहीतर आम्हाला विचार करावा लागेल. मी लेकीला म्हटलं, तुझ्या आजोबांना हे आवडलं नसतं. मोठ्या गिऱ्हाइकानं थोडं जास्त भरायचं, म्हणजे शेतातल्या पंपाला आणि एका खोलीच्या घराला वीज परवडते, यावर त्यांचा विश्वास होता. ती चिडली नाही. तिनं शांतपणे विचारलं, "आई, आपण बंद पडलो तरी बोर्डाचं गिऱ्हाईक जाणारच आहे. मग चालू राहून गेलेलं काय वाईट?" याला तुमच्याकडे उत्तर असतं का?

तर आम्ही बोर्ड सोडून गेलो. आणि पहिल्याच आठवड्यात घोळ झाला, तो मीच केला. बाहेरची वीज घ्यायची तर कुठल्या दिवशी किती लागेल हे आधी कळवावं लागतं. पूर्वीसारखं बटण दाबलं की आली, असं नाही. त्यांचा इंग्रजी फॉर्म भरायचं काम लेकीनं माझ्याकडे दिलं, आई, तुझं इंग्रजी सुंदर आहे म्हणून. त्यात साप्ताहिक सुट्टीचा रकाना होता. मी माझ्या त्या सिस्टरांनी वळण लावलेल्या अक्षरात लिहिलं, 'ॲज युज्वल', म्हणजे नेहमीप्रमाणे. गुरुवार लिहायचं मला सुचलंच नाही. इथे गुरुवार कोण लिहितं? सोमवारी सकाळी त्यांच्या दिल्लीच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला, इंग्रजीत, फार अदबीनं. म्हणाली, काल तुमचा कारखाना बंद असायला हवा होता. मी म्हटलं, काल तर रविवार होता. ती म्हणाली, तेच तर. मग मी फॉर्मची प्रत काढून बघितली आणि कळलं, त्यांच्या लेखी नेहमीची सुट्टी म्हणजे रविवार.

अप्पा, त्या रविवारी आमच्या सगळ्या भट्ट्या भरलेल्या होत्या. बाहेरच्या कंपनीनं आमच्यासाठी जवळजवळ काहीच वीज पाठवली नव्हती. आणि कुणाला काही कळलं नाही. दिवा मिणमिणला नाही, भट्टीच्या तापमानाची सुई हललीसुद्धा नाही. कमी पडलेली सगळी वीज बोर्डानं दिली, न विचारता. त्याचे जास्तीचे पैसे आम्ही भरले, तसा नियमच आहे, लेक म्हणते त्यात उपकार कसले. बरोबर आहे तिचं. पण मी त्या सोमवारी दुपारी मीटरच्या खोलीत गेले आणि तुमच्या मॅटवर उगाचच उभी राहिले. ज्याला आपण नको म्हटलं, त्यानंच आपला अर्धा तापलेला माल सांभाळला. दारात सायकल उभी करून कुणी आत डोकावून गेल्यासारखं वाटलं मला.

चूक दुरुस्त झाली, दर उतरला, गिअरचं काम राहिलं. एकाही माणसाला कमी करावं लागलं नाही. फोरमनला मी स्वतः ही बातमी सांगितली तेव्हा तो हसला. त्याच्या बायकोची मोशीला पिठाची गिरणी आहे, भाड्याच्या गाळ्यात, बोर्डाच्या विजेवर. नवीन बिल वाढून आलंय. तो म्हणाला, "ताई, हिकडं भट्टी स्वस्त झाली अन् तिकडं गिरणी महाग. बायको म्हणती, तुमच्या मॅडमला सांगा, आमचं दळण पण तुमच्या भट्टीत घ्या." आम्ही दोघंही हसलो. त्याच्या गिरणीचं बिल आमच्यामुळे वाढलं असं म्हणता येणार नाही. बिलं कशाकशानं वाढतात. पण आमच्यामुळे वाढलं नाही असं तरी मी कुठल्या तोंडानं म्हणू? त्याची नोकरी राहिली ती आम्ही गेलो म्हणून, आणि आमच्यासारखे जे जे गेले त्यांच्या जाण्याची झळ कुणाकुणाच्या घरी पोचत असेल, त्यात एक घर त्याचंही. माणूस एकच आहे, अप्पा. तुम्ही एका बाजूला मोठं गिऱ्हाईक ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला लहान, आणि तुमचं उत्तर सोपं असायचं. माझ्यासमोर दोन्हीकडे तोच उभा आहे, रोज, हातमोजे घालून.

गेल्या महिन्यात बोर्डाचा माणूस मीटर तपासायला आला. पन्नाशीचा, खिशाला टेस्टर लावलेला, तुमच्यासारखाच बूट दाराबाहेर काढणारा. मी त्याला ऑफिसात चहाला बोलावलं. मला वाटलं तो टोमणा मारील, आणि मला तो हवाही होता बहुतेक. पण तो साधेपणानं म्हणाला, सगळेच चाललेत मॅडम, वेळेवर भरणारे आधी जातात, आम्ही उरलेल्यांचं बघतो. मग त्याची नजर भिंतीवर गेली. फोटोत तुम्ही सबस्टेशनच्या दारात उभे आहात, खाकी शर्ट, डोक्यावर हेल्मेट, मागे बोर्डाची पाटी. त्यानं विचारलं, हे आमच्यातले का. मी म्हटलं, वडील. त्यानं कप खाली ठेवला, उठला, फोटोला नमस्कार केला आणि जातो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. त्यात राग नसावा. घाईत असेल, अजून चार ठिकाणी जायचं असेल.

आता त्या कंपनीनं लांब मुदतीचा करार पुढे ठेवलाय. बरीच वर्षं दर बांधून मिळेल, पण मध्ये परत फिरता येणार नाही. कागद वाचून झालेत, लेकीनं मला सगळं समजावलंय, आणि मी सही करणार आहे. तुम्हाला विचारत नाही, सांगते. उद्या गुरुवार, कारखाना बंद, निवांत बसून करू असं ठरलंय. सुट्टीच्या रकान्यात लेकीनं स्वतःच गुरुवार टाइप करून घेतलाय आणि मला दाखवून हसली. मग तिनं विचारलं, आई, आजोबांचा फोटो अजून कसा आला नाही, काच बदलायला इतके दिवस लागतात का, मीच आणते दुकानातून जाऊन. मी म्हटलं, राहू दे, तो दुकानदार गावाला गेलाय.

फोटो इथेच आहे, अप्पा, आपल्या मोशीच्या घरी, कपाटात माझ्या साड्यांखाली, पालथा. तो बोर्डाचा माणूस गेल्यावर मीच काढला. काचेला काही झालेलं नाही.