दोन डोळे आणि नवव्या दिवसाची अंडी

मी, कवडू सुखदेव मेश्राम, वय ६३, धर्माने बौद्ध, राहणार दवनीवाडा, तालुका व जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास पत्नीला विचारू नये, ती चाळीस वर्षांपासून उलटेच सांगत आली आहे.

१. गोंदियाच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षे सशांची खोली सांभाळली. नवा साबण, शाम्पू, फवारणीचे औषध माणसाच्या डोळ्याला किती झोंबेल, हे पाहायला सशाच्या एका डोळ्यात थेंब टाकायचा आणि दुसरा डोळा तसाच ठेवायचा. थेंब टाकणारा हात माझा. त्या पगारातून बांधलेले हे तीन खोल्यांचे घर पत्नी कुसुमबाई हिला आणि तिच्यानंतर मुलगा राजदीप याला मिळावे.

२. कोंबड्या आणि खुराडे कुसुमचेच आहेत, मी देणारा कोण? पण त्यांचे उपकार कागदावर यावेत. २००९ साली डॉ. उर्वशी रहांगडाले आमच्याकडे रुजू झाल्या. सशाऐवजी अंड्यावर तीच परीक्षा होते का, हे त्यांना ताडून पाहायचे होते. नऊ दिवस उबवलेले अंडे वरून उघडायचे, आतल्या पातळ पडद्यावर थेंब टाकायचा आणि पाच मिनिटे पाहायचे. रक्त फुटले तर माल जहाल. आतल्या पिलाला दुखत नाही का, असे मी विचारले. तेवढी जाणीव अजून आलेली नसते असे शास्त्र मानते, असे बाई म्हणाल्या. मी अर्धे मान्य केले. लोडशेडिंगमध्ये उबवणीचे यंत्र बंद पडे, कुसुमची खुडूक कोंबडी कधी बंद पडत नसे. म्हणून अंडी आमच्या घरून कोंड्याच्या टोपलीत जात.

तिथेच आम्ही माती खाल्ली. लहान पोरांचा शाम्पू टाकला तरी पडदा लाल! महिनाभर तेच. प्रयोगशाळेच्या साहेबांनी अंडी नापास ठरवली आणि बारा नव्या सशांची मागणी लिहायला घेतली. मी घरी येऊन न जेवता बसलो. बोलता बोलता कुसुमला विचारले, तू नऊ दिवस मोजतेस कसे?

"कोंबडी बसवली तो दिवस एक. त्यात इचाराचं काय हाय?"

आमच्या गावात सगळे असेच मोजतात, मीही तसेच मोजले. पण शास्त्रात बसवल्याचा दिवस धरत नाहीत, म्हणजे अंडी आठच दिवसांची आणि पडदा कोवळा. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर चूक कबूल केली, पोटभर शिव्या खाल्ल्या, आणि बाईंनी सगळे पुन्हा केले. वीस मालांपैकी सतरांचा निकाल सशांच्या जुन्या नोंदींशी जुळला. तीन जुळले नाहीत, तेही बाईंनी लपवले नाही. बारा सशांचा कागद माझ्यासमोर फाडला गेला. त्या दिवशी मी दोन वेळचे जेवण एकदाच जेवलो.

३. स्टोअरकीपर शालीकराम पटले यांनी सर्वांदेखत पैज लावली होती की अंड्याने सशाचे काम केले तर मिशी काढीन. मिशी अजून जागेवर आहे. माझा वस्तरा त्यांना द्यावा. धार मी लावून ठेवली आहे.

४. राणी ही त्या खोलीतली शेवटची सशी. निवृत्तीच्या दिवशी परवानगीने घरी आणली. तिचा डावा डोळा पांढरा आहे. हुकूम साहेबांचा होता, पण तो थेंब मी टाकला. ती आजही माझ्याच हातून कोथिंबीर खाते, याची मला लाज वाटते आणि बरेही वाटते. माझ्यामागे नात समीक्षा हिने तिला सांभाळावे. कोबी जास्त देऊ नये.

५. माझे दोन्ही डोळे दान करावेत. मोतीबिंदू असला तरी वरचा पारदर्शक पडदा चालतो, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. जीव गेल्यावर पंखा बंद करावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा आणि सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन करावा. नंबर दाराच्या मागे चिकटवला आहे. घरच्यांची संमती लागते आणि राजदीप तयार नाही. "बाबा, काऊन असं बोलून राहिले? तुमचं तोंड कसं दिसन मंग?" असे म्हणून तो उठून गेला. त्याच्यावर राग नाही. पण त्याने फोन केला नाही तर माझी फेड राहून जाईल.

६. इथवर लिहून झाले तेव्हा राजदीप आला. त्याने सगळे वाचले, राणीचे कलम दोनदा वाचले, आणि साक्षीदार म्हणून सही करतो म्हणाला. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष घालू नये, असे कागद तपासायला आलेल्या वकिलांनी समजावले.

"मंग माझं नाव काटा. सही मीच करतो, फोन बी मीच करतो."

म्हणून कलम १ मध्ये राजदीपऐवजी समीक्षा असे वाचावे.

साक्षीदार :
१. डॉ. उर्वशी रहांगडाले, गोंदिया (सही)
२. राजदीप कवडू मेश्राम, दवनीवाडा (सही). नेत्रपेढीचा नंबर मोबाईलमध्ये घेतला आहे.

लिहून देणार : कवडू सुखदेव मेश्राम (सही)
स्थळ : दवनीवाडा
दिनांक : २२ नोव्हेंबर २०१३. आजचा दिवस धरलेला नाही, उद्यापासून मोजावे.