दुसऱ्या नावावरच्या दोन मात्रा

आई, तुझं कानबाईमातेचं गाणं अजून माझ्याकडून लिहून झालेलं नाही. यंदा श्रावणात सूनबाई पहिल्यांदाच आपल्या घरी कानबाई बसवणार आहे. तिला गाणं तुझ्याच चालीत हवं, आणि ती चाल आता या एका कॅसेटखेरीज कुठेही उरलेली नाही. म्हणून रोज सकाळी जळगावच्या या घरात पेटी पुढ्यात घेऊन बसतो; एक ओळ ऐकतो, थांबवतो, सूर शोधतो, लिहितो, खोडतो. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने पन्नाशीनंतर स्वरलेखन शिकायला घेतलं, तेव्हा सूर अवघड जातील असं मला वाटलं होतं. सूर सापडले. अडलं आहे ते तालात, आणि तेही एकाच जागी.

टेपवर आहे ते आपलं धुळ्याचं स्वयंपाकघर, कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजण्याचा दिवस. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने तू सव्वा मूठ गहू सुपात टाकते आहेस आणि आम्हा तिघा भावांची नावं ओळीने गाण्यात घेते आहेस; माझं दुसरं. मी मध्येच म्हणतो, "आई, पुन्हा म्हण. माझ्या नावापाशी दोन मात्रा जास्त झाल्या."

"जास्ती ते जास्ती, भाऊ. तू गानं लिखी ऱ्हायना, का मना कान धरी ऱ्हायना?"

गाणं लिहितोस की माझा कान धरतोस, या तुझ्या चिमट्याचं मला हसू येत नाही. मी तुला चारदा म्हणायला लावतो आणि चारही वेळा तू तिथेच रेंगाळतेस. शेवटी मी म्हणालो, "तुला तालच कळत नाही." तू सूप उचलून ओसरीवर गेलीस. टेपवर त्यानंतर नुसती खरखर आहे.

मी सगळ्या शक्यता तपासल्या. नाव लांब म्हणावं, तर तिघांचीही नावं तीन अक्षरी. दम लागला म्हणावा, तर धाकट्याचं नाव तू त्याच श्वासात पुढे घेतेस. सुपात गहू पडल्याचा आवाजही तिन्ही नावांना बरोबर समेवर येतो. मग माझ्याच नावावर का? त्या क्षणी तू वर पाहिलं होतंस का, एवढं कळलं तरी पुरे. पण मी टेपच्या फिरणाऱ्या चकत्यांकडे पाहत होतो. या प्रश्नाने मला इतका संताप येतो की पेटीचा भाता मिटून उठावं लागतं. तुझ्यावरचा नव्हे.

ते अडलेलं तसंच ठेवून काल सूनबाईला स्वच्छ प्रत दिली. त्यात त्या दोन मात्रा नाहीत. तिन्ही नावं सारखी बसवली आहेत. तिने कॅसेट लावून ताडून पाहिलं आणि विचारलं, "नाना, तुमच्या नावापाशी आजी थांबतात ना?"

मी तिला सांगितलं, तिथे टेप खराब झाली आहे.

टेप चांगली आहे, आई.