टेबलावरच मिटवलेली प्रकरणं

३० जानेवारी
ट्रेनिंगला माझं नाव लागलं. घरातल्या मारहाणीच्या केसेस कशा हाताळायच्या, ते जज्जलोकांना आणि आम्हा स्टाफला शिकवणार. चार शनिवार, बेळगावातच. बावीस वर्षं कोर्टात अर्ज घ्यायच्या टेबलावर बसलोय. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवणार! तरी जायचं. शिकवणाऱ्यांचं कुठं अडलं तर जाणतं माणूस लागतंच.

१ फेब्रुवारी
शिकवायला निपाणीच्या वकील सुनयना मॅडम. वयानं लहान. म्हणाल्या, बाई आली की आधी तिला बसवा, मग तिचं पूर्ण ऐका. माझ्या टेबलापुढं खुर्ची नाही. ठेवली की लोक बसतात.
जज्जसाहेब वहीत उतरवून घेत होते. मला गरज वाटली नाही.
संकल्प: सोमवारपासून खुर्ची.

३ फेब्रुवारी
खुर्ची ठेवली. दुपारपर्यंत तिच्यावर फायली आल्या.

८ फेब्रुवारी
आज मी गाजलो. मॅडमनी अनुभव विचारले. उभा राहून सांगितलं, निम्मी प्रकरणं मी अर्जाआधीच मिटवतो. घरचंच उदाहरण दिलं. धाकटी बहीण जया, सांबऱ्याला दिलेली. गेल्या दिवाळीत हात सुजवून आली. समजूत घातली, माझ्याच गाडीवरून सासरी सोडली, तिच्या नवऱ्याला, भरमू पावण्यांना, दोन शब्द सांगितले. आज सुखानं नांदते.
सगळे, जज्जसाहेबही, खाली बघत होते. भारावले असणार. मॅडमनी विचारलं, त्यानंतर तिला एकटीला कधी विचारलंत? सुखी बाईला काय विचारायचं?

९ फेब्रुवारी
जयाला फोन. म्हटलं, शनिवारी ये, ट्रेनिंगात तुझं उदाहरण लई गाजलंय, मॅडमना भेटवतो. मॅडम वकील आहेत का, तेवढं विचारलं. मग म्हणाली, "येतो की अण्णा." हरखली असणार. चांगली साडी नेसून ये म्हटलं.

१५ फेब्रुवारी
जया आली. जुन्याच साडीत. मॅडमनी तिला आतल्या खोलीत नेलं आणि मला बाहेर थांबवलं. बाईशी बोलताना नातेवाईक जवळ नको म्हणे. सख्खा भाऊ नातेवाईक झाला! पाऊण तास दार बंद. जज्जसाहेबांना सांगितलं, आत माझं कौतुक चाललंय. ते वही काढून लिहीत बसले.

१८ फेब्रुवारी
दगा.
माझ्या टेबलावर जयाचा अर्ज. नवऱ्याविरुद्ध. मीच बोलावली, मीच मॅडमशी गाठ घालून दिली, आणि माझ्याच पाठीमागं हे. भरमू पावण्यांना आता काय तोंड दाखवू? निदान मला आधी सांगायचं.
अर्जात लिहिलंय: याआधी थोरल्या भावाकडे चार वेळा गेले, चारही वेळा त्यांनी परत सोडलं.
मला एकच खेप आठवते.
जज्जसाहेबांनी बोलावून घेतलं. शांतपणे म्हणाले, या फाइलीला हात लावू नका, आणि उद्यापासून रेकॉर्ड रूममध्ये बसा. टेबल दुसऱ्याला दिलं.

२० फेब्रुवारी
राहवलं नाही. जयाला फोन केला. म्हटलं, आधी मला का न्हाय सांगितलंस?
"सांगायलाच आलतो की अण्णा," म्हणाली. "माझं बोलून व्हायच्या आत तू गाडी काढायचास."
आवाजात राग नव्हता. हात बरा हाय का, विचारलं.
म्हणाली, "कुठला?"